बुरशीवाली सून

चिंगशीकोउ, लियाओनिंग
११ मार्च १९८४

लू पेइलान हिला,

मी तोंग देहाई, यूशानचा बाप. मला लिहिता येत नाही, म्हणून मी बोलतोय आणि यूशानची आई लिहितेय. जे सांगेन तेच लिहायचं, असं तिला बजावलं आहे.

नववर्षाला यूशान तुमच्या गावच्या ट्रॅक्टरच्या कामावरून घरी आला तेव्हा त्याने तुझा फोटो दाखवला. फोटोबद्दल माझी काही तक्रार नाही. मग मी विचारलं, मुलगी काम काय करते? तो घसा खाकरून म्हणाला, बुरशी वाढवते. मला वाटलं, अळंबी. म्हटलं, चांगलं आहे, सुकवून थोडी पाठव म्हणावं. तेव्हा तो खाली बघायला लागला आणि हळूहळू खरं काय ते बाहेर आलं. तुम्ही पांढरी बुरशी वाढवता. गव्हाच्या कोंड्यावर, खोल्याच्या खोल्या भरून, मुद्दाम.

पोरी, आमचं पोट ओकच्या टेकडीवर आहे. मी बारा वर्षांचा होतो तेव्हापासून रेशीमकिडे राखतोय. पाखरं हाकलायची, एका झाडाचा पाला संपला की किडे दुसऱ्या झाडावर न्यायचे, ऊन-पाऊस सगळं तिथेच. यूशान जन्मला त्या सालच्या शरदात सात दिवस पाऊस लागला आणि टेकडी पांढरी झाली. बर्फाने नाही. एकेक किडा फांदीला धरून खडूसारखा कडक झालेला, वर पिठाचा थर. त्या वर्षी पाखरं हाकलायला चाबूक लागला नाही, पाखरंसुद्धा शिवली नाहीत. माझे वडील त्यानंतर टेकडीवर चढलेच नाहीत.

यंदा पहिल्यांदाच टेकडी सामूहिक शेतीच्या मंडळाची नाही, आमच्या घराच्या नावावर आहे. अशा साली तो पांढरा काळ स्वतःच्या हाताने वाढवणारी मुलगी मी उंबऱ्याच्या आत घेऊ शकत नाही. ते काम सोड आणि मग ये. न सोडता आलीस तर अंगणाबाहेर उभं राहावं लागेल, पाणीसुद्धा लांबूनच मिळेल.

तोंग देहाई

(पोरी, मी सूछिन, यूशानची आई. हे म्हणाले त्यातलं निम्मंच लिहिलंय, उरलेलं कागदाला सोसलं नसतं. माणूस वाईट नाही, भित्रा आहे. तुझ्या पायाचं माप कळव. कापूस भरलेले बूट शिवायला घेतलेत.)


हेइनीवा, चीलिन
२३ मार्च १९८४

आदरणीय तोंग काका आणि काकू,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा अळंबीपाशी हसू आलं, तिसऱ्यांदा तुमच्या वडिलांपाशी थांबले.

आधी हे सांगते की मी आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून पोस्टात बसले आहे. कागद इथूनच घेतला, लेखणी पोस्टाची आहे. आमच्या खोलीतली कुठलीही वस्तू या पत्राला लागलेली नाही.

तुम्ही किडे जगवता, आम्हाला किडे मारावे लागतात. आमच्याकडे मका आहे, दुसरं काही नाही. त्या मक्याला खोडकिडा लागतो. तो धाट आतून पोखरतो, मग वारा आला की धाट मोडतं आणि कणीस जमिनीला लागून कुजतं. हिवाळाभर तो आमच्याच अंगणात, सरपणासाठी रचलेल्या धाटांच्या गंजीत झोपलेला असतो. मे महिन्यात जागा होतो, तहानेने बाहेर येतो, ओलावा शोधतो. त्याच आठवड्यात गंजीला भोकं पाडून आम्ही आत बुरशीची भुकटी फुंकतो. ती त्याच्या कातडीला चिकटते, तिथेच रुजते, आत शिरते. त्याचा पतंग व्हायच्या आतच तो संपतो.

पूर्वी आम्ही विष वापरायचो. वाळूत कालवलेलं विष जुलैच्या उन्हात मक्याच्या पोंग्यांत, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, हाताने टाकत जायचं. मका डोक्याच्या वर, वारा नाही. माझी आई त्यात सगळ्यात चपळ होती. सहा वर्षांपूर्वी एका दुपारी ती दोन ओळींच्या मध्ये बसलेली सापडली. मी पुढे उभी होते आणि ती मला विचारत होती, तू कुणाची गं? तीन दिवसांनी तिने मला ओळखलं. आता ती बरी आहे, पण डावा हात कापतो, सुईत दोरा ओवता येत नाही. गावात बुरशीची खोली निघाली तेव्हा पहिलं नाव मी दिलं. ही भुकटी नाकात गेली तर फार तर एक दिवस ताप येतो, म्हणून आम्ही तोंडाला फडकं बांधतो. माणूस लेकीला विसरत नाही.

यंदा आमच्याकडेही जमीन घरोघर वाटली गेली आहे. गावात एकेचाळीस घरं, एकेचाळीस गंज्या. सव्वीस घरांनी भुकटी टाकून घ्यायला होकार दिलाय. बाकीचे म्हणतात, पिठाने किडा मरतो होय?

काका, तुमची भीती खरी आहे. तुम्ही सांगाल तितकी लांब मी उभी राहीन. पण मी ते काम सोडणार नाही.

लू पेइलान

(काकू, बूट पस्तीस नंबरचा. पाय आईवर गेलेत, लहान आहेत.)


चिंगशीकोउ
१४ एप्रिल १९८४

लू पेइलान हिला,

तुझं पत्र आलं. पोस्टमनला मी ते नदीच्या पलीकडेच ठेवायला लावलं. तू आंघोळ केलीस असं आत लिहिलं आहेस, पण आत काय लिहिलंय ते उघडल्याशिवाय कसं कळणार? म्हणून उघडायच्या आधी मी ते चिमट्यात धरून भाताच्या हंडीवर वाफवलं. चांगलं घटकाभर. शाई जरा ओघळली, तरी यूशानच्या आईला बहुतेक वाचता आलं.

तुझ्या आईचं ऐकून वाईट वाटलं. विष हे वाईटच. आमच्या खाली नदीकाठच्या लोकांनी एकदा भातावर विष फवारलं आणि वाऱ्याने ते टेकडीवर आलं, तेव्हा माझेही किडे गेले होते. त्या दिवशी मी नदीकाठच्यांना जे बोललो ते यूशानची आई लिहिणार नाही.

तू शहाणी आहेस. शेवटी लिहिलंयस, 'मी ते काम सोडणार', पुढे मोठा डाग पडलाय, पण मला कळलं. एवढं समजूतदार उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं, भांडशील. यूशान दोन दिवसांसाठी घरी आलाय, त्याच्याबरोबर इकडची शंभर-दोनशे चेस्टनट पाठवतोय. गोड आहेत, भाजायच्या आधी चीर द्यायला विसरू नकोस, नाहीतर उडतात.

लग्न हिवाळ्यात करू. कोश उतरलेले असतील, हात मोकळे असतील.

तोंग देहाई

(पेइलान, त्या डागाखाली दोन अक्षरं आहेत असा मला संशय आहे. पण हा माणूस काल लाकडं फोडताना गुणगुणत होता. गेल्या कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. मी गप्प बसले. तूच काय ते कर. — सूछिन)


हेइनीवा
३ मे १९८४

आदरणीय काका,

हे पत्र मी पेन्सिलीने लिहितेय. वाफेने पेन्सिल ओघळत नाही. मी आमच्या भाताच्या हंडीवर धरून पाहिलं.

तुम्ही वाचलंत तसं मी लिहिलं नव्हतं. डागाखाली 'नाही' होतं. मी ते काम सोडणार नाही. दोनदा लिहिते, एखादं पुसलं तरी एक राहील. मी ते काम सोडणार नाही.

तुमचा आनंद वाचला तेव्हा एक क्षण वाटलं, राहू दे तसंच, हिवाळ्यात बघू. पण मग मी तुमच्या घरी खोटी सून म्हणून आले असते, आणि तुमच्यासारख्या माणसाला फसवणं सोपं असलं तरी बरं नाही.

चेस्टनट परत पाठवायला हव्या होत्या. पण यूशानने आधी पिशवी दिली आणि मग पत्र. तोपर्यंत आम्ही त्या खाऊन टाकल्या होत्या. फार गोड होत्या. आईने टरफलंसुद्धा ठेवलीत.

पंधरा दिवसांनी गंज्यांना भुकटी. आमच्यासाठी प्रार्थना करा असं तुम्हाला सांगता येत नाही, ते कळतं मला. तुमच्या टेकडीवर मात्र वसंताचं पीक छान येवो. हे मनापासून.

पेइलान


चिंगशीकोउ
२० जून १९८४

पेइलान पोरी,

हे पत्र मी एकटी लिहितेय. यांना माहीत नाही, आणि तूही त्यांना सांगू नकोस.

तुझं पेन्सिलीचं पत्र मी वाचून दाखवलं. दुसऱ्या 'नाही'ला ते उठले आणि टेकडीवर गेले. चार दिवस खाली आले नाहीत. मी डबा झाडाला टांगून यायची. चाबकाचे आवाज मात्र इकडे घरापर्यंत येत होते. एवढी पाखरं आमच्या खोऱ्यात नाहीतच.

वसंताचे कोश उतरले. टपोरे, बदामी रंगाचे, हातात घेतले की आतला किडा जड लागतो. गावात सगळ्यांत चांगले आमचे. ते खुशीत आहेत, पण बढाई मारायला माणूस हवा आणि यूशान तिकडे तुमच्या गावात ट्रॅक्टर दुरुस्त करतोय. काल जेवताना भिंतीकडे बघत म्हणाले, त्या मुलीच्या आईचा हात कसा आहे कोण जाणे. मी म्हटलं, विचारू का? तर म्हणाले, मी कुठे काय विचारतोय? म्हणून मी विचारतेय.

आणि एक. तुझ्या 'नाही'चा मलाही थोडा राग आला होता. मग आठवलं, मी या घरात आले तेव्हा सासूबाईंना एकदाही नाही म्हणाले नव्हते, आणि त्याचा पस्तावा मला अजून आहे. बूट पूर्ण झालेत. आत लाल अस्तर आहे.

सूछिन


हेइनीवा
१८ जुलै १९८४

प्रिय काकू,

आनंदाची बातमी आहे, आणि ती सांगायला मला तुमच्याहून जवळचं कुणी नाही, हे जरा विचित्रच आहे.

मेच्या एकोणीस-वीस तारखेला सव्वीस गंज्यांना भुकटी टाकली. नंतर दोन दिवस बारीक पाऊस झाला. आमचं नाचायचंच काय ते बाकी होतं, ओलाव्यात ती छान रुजते. तीन आठवड्यांनी सगळं गाव जमलं. गावप्रमुखांनी एका गंजीतून धाटं ओढून काढली आणि आईला म्हणाले, वहिनी, तुम्ही चिरा. आईने उजव्या हाताने चाकू धरला, मी धाट धरलं. पहिल्या धाटात किडा पांढरा, काडीसारखा कडक. दुसऱ्यात तसाच. तिसऱ्यात जिवंत निघाला, वळवळत. तेव्हा चौथे काका हसले. हे फान घराण्यातले चौथे भाऊ, गावात सगळ्यांना नावं ठेवायचं काम त्यांच्याकडे आहे आणि ते चोख करतात. म्हणाले, 'याला बहुतेक पीठ आवडलेलं दिसत नाही.' पण शंभर किडे काढले तेव्हा चौऱ्याहत्तर पांढरे निघाले. मग ते तंबाखू शोधायला घरी गेले.

तरी अडचण राहिलीच. ज्या पंधरा घरांनी भुकटी घेतली नाही त्यांच्या गंज्यांतून पतंग निघाले, आणि पतंगाला कुणाचा बांध कुठे आहे ते कळत नाही. आमच्या शेताच्या कडेच्या ओळी पुन्हा पोखरल्या गेल्या. उरलेल्यांनी ऐकलं नाही तर पुढच्या साली आमचे सव्वीसही मागे हटतील. काहीजण आत्ताच विषाच्या गोष्टी करायला लागलेत.

पण आता काकांनी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. या महिन्यात आम्ही पोंग्यांत बुरशीची वाळू टाकली. आई म्हणाली, मी येणार. सहा वर्षांत ती मक्यात शिरली नव्हती. उघड्या हातांनी वाळू टाकत ती एका टोकाने आत गेली, मी दुसऱ्या टोकाला उभी राहिले. मका हलायचा, त्यावरून ती कुठवर आली ते कळायचं. मधे एकदा हलायचा थांबला आणि माझा जीव गेला. मग पुन्हा हलला. बाहेर आली तेव्हा घामाने भिजली होती. म्हणाली, 'भूक लागली आहे, अशी बघतेस काय?' हात अजून कापतो. ती म्हणते, कापणाऱ्या हाताने वाळू उलट सारखी पसरते.

लाल अस्तराबद्दल मी यूशानला सांगितलं नाही. ते माझ्यापाशीच ठेवलं.

तुमची पेइलान


तार
चिंगशीकोउ, ४ सप्टेंबर १९८४

टेकडीवर पांढरं. पाऊस थांबत नाही. तुला माहीत असेल. सांग. तोंग देहाई.


हेइनीवा
४ सप्टेंबर १९८४, यूशानच्या हाती

काका,

तार दुपारी मिळाली. यूशानला संध्याकाळची गाडी आहे, म्हणून घाईत लिहितेय. हे पत्र वाफवू नका, तेवढा वेळ नाही. यूशान आमच्या खोलीत कधी पाय टाकत नाही, तरी आंघोळ करून, नवे कपडे घालून येतोय.

मी यायला हवं होतं. निघालेही असते. पण माझ्या केसांत, नखांत काय असेल याची खात्री माझी मलाच देता येत नाही. तुमच्या टेकडीवर मी पाऊल टाकणं म्हणजे आगीवर तेल. म्हणून मी इथे बसून, ती बुरशी कशी वागते ते सांगते. वर्षाचे तीन महिने मी तिची नोकरी करते. तिला काय आवडतं ते मला पाठ आहे. तुम्ही सगळं उलटं करा.

पहिलं, म्हणजे सगळ्यात मोठं: मेलेला किडा पांढरा होईपर्यंत दुसऱ्याला काही करत नाही. पांढरं पीठ हेच तिचं बी. ते यायच्या आधी एखादा दिवस, थंडी असेल तर दोन दिवस मिळतात. किडा खायचा थांबतो, अंगावर तेलाच्या डागासारखे तपकिरी ठिपके येतात, मग मरतो, आधी मऊ असतो, मग कडक होतो. तुम्ही चाळीस वर्षं पांढरे किडे वेचलेत, काका. आता पांढरे व्हायच्या आधीचे वेचा. हातांनी नाही, जेवायच्या काड्यांनी. थेट चुन्याच्या डब्यात. खाली टाकू नका, झटकू नका.

जे पांढरे झालेत त्यांना हलवायच्या आधी चुन्याच्या पाण्याने भिजवा, म्हणजे पीठ उडणार नाही. मग फांदीसकट कापून जाळा.

तिला दाटी आवडते, ओल आवडते, सावली आवडते. ऊन आणि वारा तिला सोसत नाही. खालच्या ओढ्याकडची झाडं सोडून द्या. जिवाला लागेल, पण सोडा. निरोगी किडे दक्षिणेच्या उतारावर, माथ्याकडे न्या, एका झाडावर नेहमीच्या निम्मेच ठेवा. खाली काम केलेल्या माणसाने वर जायचं नाही. वरची माणसं वेगळी, खालची वेगळी. कात्र्या उकळत्या पाण्यातून काढा.

आणि ही माझ्या खोलीतून आलेली नाही, यावर विश्वास ठेवा. ती तुमच्या मातीत तुमच्या आजोबांच्याही आधीपासून आहे. सात दिवस पाऊस मिळाला की उठते. तुम्ही काही चुकलात म्हणून नाही, आणि तुमचे वडीलही काही चुकले नव्हते.

गाडीची वेळ झाली.

पेइलान


चिंगशीकोउ
१२ ऑक्टोबर १९८४

पेइलान पोरी,

उशिरा कळवतोय, कारण आधी सांगण्यासारखं काय होणार ते माहीत नव्हतं.

यूशान पहाटे पोचला. अंगणात उभं राहूनच त्याने पत्र वाचलं. 'पांढरं व्हायच्या आधीचे' इथे आला तेव्हा मी त्याला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. चाळीस वर्षं मी संकट आलं की पांढरे वेचायला धावलो. वेचताना पीठ सगळीकडे उडवलं. माझ्या वडिलांनी तेच केलं. आम्ही दोघं तिची पेरणी करत होतो आणि कुणी सांगितलं नव्हतं.

मग कामाला लागलो. मी आणि यूशान खाली, यूशानची आई आणि गावातल्या नऊ बायका वर. बायकांची नजर चांगली. हातात काड्या, कमरेला चुन्याचे डबे, जेवायला बसल्यासारख्या टिपत होत्या. पहिल्या दिवशी, वर-खाली वाटणी व्हायच्या आधी, तपकिरी ठिपका मला ओळखू येईना. यूशानच्या आईने झाडाशी उभं करून शिकवलं. मला. माझ्या किड्यावरचा ठिपका.

(हे मी लिहायला नको म्हणत होते, त्यांनीच लिहायला लावलं. — सूछिन)

ओढ्याकडची झाडं सोडायची वेळ आली तेव्हा मी पाऊण दिवस मागेपुढे करत होतो. तिथले किडे सगळ्यात मोठे होते. शेवटी यूशान म्हणाला, 'बाबा, ती म्हणाली होती, जिवाला लागेल. लागलं, झालं. आता सोडा.' सोडली.

सहाव्या दिवशी पाऊस थांबला. अकराव्या दिवशी वर एकही ठिपका मिळाला नाही. बाराव्या दिवशी नाही. सतराव्या दिवशी माथ्यावरच्या झाडावर एक किडा मान हलवत पहिला धागा काढायला लागला. मी त्याच्याकडे बघत बसलो. इतके कोश पाहिलेत आयुष्यात, पण तो बघत बसलो.

तिसरा हिस्सा गेला, दोन हिस्से राहिले. खोऱ्यात इतर टेकड्यांवर याच्या उलट आहे. यूशानची आई आता घरोघर तुझं पत्र वाचून दाखवते. लोक विचारतात, हे लिहिलं कुणी? ती म्हणते, आमच्या सुनेने. मला विचारलं नव्हतं तिने. मीही काही बोललो नाही.

तर असं ठरवलंय. काम सोडू नकोस. तुमची खोली वसंत ते मध्य उन्हाळा चालते, किडे माझे शरदापर्यंत. म्हणजे हिवाळाभर कुणाचं कुणाशी वैर नाही. हिवाळ्यात तू इकडे ये, उन्हाळ्यात भेटावंसं वाटलं तर आम्ही मधल्या गावात स्टेशनवर येऊ. लग्न बाराव्या महिन्यात. त्याआधी रीतीप्रमाणे मी तुझ्या आईला भेटायला येतोय. कोशांतले किडे तळून आणेन. तुमच्याकडे खातात का माहीत नाही, न खाणाऱ्याला मी शहाणा समजत नाही.

तोंग देहाई


हेइनीवा
२ डिसेंबर १९८४

प्रिय आई,

काकांनी, म्हणजे बाबांनी, सांगितलंय की लग्नाआधीच असं म्हणायला हरकत नाही. ते सुखरूप आहेत. बर्फामुळे बस बंद आहे, म्हणून चार दिवस उशीर होईल. काळजी करू नका. आमच्या खांगच्या उबदार मातीच्या ओट्यावर माझ्या आईशेजारी बसून ते आंबवलेल्या कोबीचे दोष काढतात आणि तिसऱ्यांदा वाढून घेतात. तुमचे तळलेले किडे पहिल्याच दिवशी संपले. आईसाठी त्यांनी लाकडी ठोकळ्याला एक छोटी खोबण केलीय, त्यात सुई घट्ट बसते. आता ती एका हाताने दोरा ओवते. काल तिने माझ्या लग्नाच्या जाकिटाला पहिलं बटण लावलं, मग उसवून पुन्हा लावलं, केवळ हौसेने.

मला जे सांगायचंय ते परवाचं.

पुढच्या साली बुरशीची खोली चालू ठेवायची की नाही, यावर गावाची बैठक होती. सगळ्या घरांनी भुकटी घेतली तर खोली चालेल, नाहीतर बंद, असं ठरलं होतं; एका घराचा एक हात. शाळेत एकेचाळीस घरांची माणसं कोंबून बसली होती. मी बोलले. गावप्रमुख बोलले. चौऱ्याहत्तराचा आकडा फळ्यावर लिहिला. चौथे काका म्हणाले, एक साल पाऊस पडला म्हणून मेले असतील. पुढच्या साली नाही पडला तर? आणि ही मुलगी तर लग्न होऊन सासरची होणार, मग पीठ कोण दळणार? लोक हसले, आणि मला दिसलं की सव्वीसमधलेही दोन-चार जण खाली बघताहेत.

बाबा मागे भिंतीशी बसले होते. पाहुणे म्हणून. ते उठले, टोपी काढली. चौथे काका म्हणाले, 'रेशीमवाल्यांना मक्यातलं काय कळतं?'

बाबा म्हणाले, 'काही नाही. मक्यातलं मला काही कळत नाही. पण तुम्ही ज्या बुरशीवर भरवसा ठेवायचा की नाही म्हणून भांडताय, तिला मी ओळखतो. चाळीस वर्षांचं वैर आहे आमचं. मी तिच्यावर चुना टाकला, धूर केला, डोंगराच्या देवाला कोंबडा कापला. माझे वडील तिच्यामुळे अंथरुणाला खिळले. यंदा शरदात पुन्हा आली. या मुलीने तिच्या खोडी सांगितल्या म्हणून माझे दोन हिस्से वाचले, तरी एक हिस्सा ती घेऊनच गेली. अहो, शत्रू असावा तर असा. अशी कामसू, चिवट बया तुमच्या बाजूने राबायला तयार आहे, विष नाही, माणसाला धोका नाही, आणि तुम्ही विचारताय, हिला जमेल का?'

मग बाबा हळू आवाजात म्हणाले, 'एक उतार तिला मोकळा सोडला तर ती सगळ्या टेकडीवर पसरते, हे मी पाहिलंय. तुमचा खोडकिडाही तसाच. पंधरा गंज्या मोकळ्या सोडल्यात तुम्ही.' आणि खाली बसले. बसताना माझ्याकडे बघितलं नाही, भिंतीकडे बघितलं, तुम्ही सांगता तसंच.

माझी आई सगळ्यात आधी उठली. डावा हात वर केला. मुद्दाम डावा. तो कापत होता आणि तिने तो खाली घेतला नाही. मग माझ्या मामी, मग शाळेचे मास्तर, मग हात दिसायचेच बंद झाले, इतके झाले. गावप्रमुख बाकावर चढून मोजायला लागले. चाळीस झाले. एक राहिला.

सगळी शाळा वळून चौथ्या काकांकडे बघायला लागली. त्यांनी आधी छताकडे बघितलं. मग त्यांचा हात वर गेला.

ते अजून सगळ्यांना सांगत फिरतात की मी टोपी नीट करायला हात उचलला होता. गावप्रमुखांनी तो मोजला.

तुमची सून,
पेइलान